बरी जिरवली!

रविवारी सकाळपासून बिभीषण आणि त्याची बायको रोहिणी मोबाईलला चिकटून होते. एका मालिकेचे दोन-दोन मिनिटांचे सत्तर भाग त्यांनी एका बैठकीत संपवले. पोरांनी हाकललेली आई शेवटी त्यांनाच घराबाहेर काढते, हे बघून रोहिणीला रडू फुटलं. बिभीषणनं तर मांडीवर थापच मारली, "बरी जिरवली नालायकांची!"

त्याची आई झुंबरबाई दारात उभी होती. सहा महिने झाले, तिची बाज त्यांनी गोठ्यात टाकली होती.

"काय झालं रं त्या बाईचं?"

"जा गं तिकडं! तुला काय कळतंय त्यातलं?" बिभीषण खेकसला.

झुंबरबाई हलली नाही.

 

"घर माझ्या नावावर हाय, एवढं कळतंय. परवाच प्रांतसाहेबाकडं अर्ज दिलाय. तुमी दुसरं बिऱ्हाड बघा."