ज्याची त्याची पाटी

जादूटोणा करते म्हणून गावाने आजीला चौकातल्या खांबाला बांधून काठ्यांनी ठार मारलं. मारतानाचे व्हिडिओ गावाच्याच ग्रुपवर फिरले. पोलिसांना प्रत्येक घराने सांगितलं, "आमी काई पाह्यलंच नाई." पुढे ग्रामपंचायतीने घरोघरी क्यूआर कोडच्या पाट्या लावायचं ठरवलं, स्कॅन केलं की घरपट्टीची लिंक उघडणार. कॉम्प्युटर माझ्याच दुकानात, काम मलाच मिळालं. आज गडचिरोलीहून आलेल्या साहेबांनी सरपंचाच्या दारावरची पाटी स्कॅन केली आणि फोनमध्ये सरपंचाची काठी आजीच्या कवटीवर बसली. ज्याचं दार, त्याचाच व्हिडिओ. गाव पाट्या उचकटायला धावलं. घरी आले तर बाबा आमच्या पाटीवर कुऱ्हाड उगारून उभे. "आपल्या दारावर काऊन लावली? मी मायले एक काठीबी नाई मारली!" मी स्कॅन केलं. रक्ताळलेली आजी बाबांना म्हणत होती, "लेका, दोर ढिल्ला कर ना."