भाव करण्याआधी एक डाव

“भावाचं मागाहून बघू. आधी एक डाव खेळा, म्हणजे बोर्ड कसा आहे ते कळेल,” असं म्हणत दाबकेकाकांनी कॅरमवर पावडर भुरभुरली.

इतका जाड, गुळगुळीत बोर्ड श्रीरंग वर्षभर शोधत होता. तो हातचा घालवायचा नव्हता. जुनी वस्तू घेताना आधी मालकाला खूश करावं आणि मगच निम्म्या किमतीला मागावी, अशी त्याची रीत होती. त्याने भोकाच्या तोंडावरची राणी सोडली, सोप्या सोंगट्या चुकवल्या.

काका जिंकले. “अगं, जिंकलो! बाहेर ये!” ते स्वयंपाकघराकडे पाहून ओरडले.

हीच वेळ, असं ठरवून श्रीरंग म्हणाला, “काका, दोन हजार जरा जास्त होतात. हजारात द्या.”

“आता कशाला विकू? येणारा प्रत्येक जण मला हरवतो, म्हणून विकायला काढला होता. तुम्ही दर रविवारी येत जा.”

“अहो, मी मुद्दाम हरलो!”

“हरल्यावर मीही हेच सांगतो हो,” काका समजुतीने म्हणाले आणि दुसऱ्या डावाच्या सोंगट्या मांडू लागले.