निळा हात

"बाई, संस्थेला पंचवीस वर्षं झाली. आता तरी बोधचिन्हातला हा इवलासा निळा हात काढू या. आपण चित्रकारांना मदत करतो आणि लोक विचारतात, बालवाडीत प्रवेश चालू आहेत का!" नवा सचिव वैतागला होता.

संस्था काढणाऱ्या बाई हसल्या. त्यांनी भिंतीवरचं अर्धवट चित्र दाखवलं. कोपऱ्यात तोच हात उमटला होता.

"आईचं चित्र. रंग ओला होता. मी रांगत गेले नि हात ठेवून आले."

"रागावल्या असतील!"

"छे! ब्रश खाली ठेवला आणि मला कडेवर घेतलं."

"मग चित्र पुढं पुरं का नाही केलं?"

तेवढ्यात शेजारच्या खोलीत चित्र काढत बसलेल्या मुलीचं बाळ रडलं. ती ब्रश खाली ठेवणार, तोच बाईंनी लगबगीनं जाऊन बाळाला कडेवर घेतलं.

"तुझं चालू दे गं."