कोरडं तळघर

तळघराचं वॉटरप्रूफिंग झालं आणि त्या जुन्या घरातली ओल एकदाची गेली. सगळे खूश झाले, सासरे सोडून. रोज सकाळी तळघरातलं पाणी उपसायचं काम वर्षानुवर्षं त्यांचंच होतं. आता ते उठल्यापासून घरभर येरझाऱ्या घालायचे, सारखे खाली जाऊन कोरड्या फरशीवर हात फिरवून यायचे. जेवणातही लक्ष नसायचं.

"बाबा, बसा ना जरा," सून म्हणायची.

"बसून काय करू?"

शेवटी एका सकाळी तिनं गुपचूप चार बादल्या पाणी खाली ओतलं आणि हाक मारली, "बाबा, तळघरात पाणी आलंय हो!"

सासरे लगबगीनं खाली गेले. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन वर आले आणि थेट पानावर बसले.

"वाढ लवकर, भूक लागलीय. आणि उद्या दोनच बादल्या ओत. कंबर धरते गं."