वळतेय!

टीव्हीवर नवरा लाटांनी भिजत होता आणि समोर बसलेली बायको जळत होती. आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेची अंतिम शर्यत, दोघांचीच शिडाची होडी, आणि सुकाणू त्याच्या जोडीदारणीच्या हातात. सगळे तिला लाडानं चिमणी म्हणत. चिमणीनं “वळतेय!” असं ओरडायचा अवकाश, हा शिडाच्या दांड्याखालून वाकून टुणकन होडीच्या दुसऱ्या काठावर हजर!

“घरी केर काढताना चार हाका मारल्या तरी तुमचे चिरंजीव पाय उचलत नाहीत,” ती सासूला म्हणाली.

“त्याच्या बापानं तरी कधी उचललेत?” सासूबाई म्हणाल्या.

पदक घेऊन तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन सोफ्यावर बसला. ती झाडू घेऊन आली. पाय जागचे हलेनात. मग तिला काय सुचलं कोण जाणे, ती कडाडली, “वळतेय!”

तो मान खाली घालून, उडी मारून सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलासुद्धा. तिचा चेहरा असा काही खुलला, जणू पदक तिलाच मिळालं.

 

तेवढ्यात पेपरामागून आवाज आला, “आलो गं, चिमणे!”