दोन हॉर्न

खालून दोन हॉर्न वाजले आणि माझा हात सवयीने कुकरकडे गेला. मग आठवलं, हे जाऊन महिना झाला.

लिमिटेड बस आमच्या स्टॉपवर थांबत नाही. बावीस वर्षं ती हेच चालवायचे. संध्याकाळी आमच्या इमारतीखालून जाताना दोनदा हॉर्न द्यायचे. गॅलरीतून मला बसचं छप्परच तेवढं दिसायचं, तरी मी हात हलवायची. गाडी डेपोत लावून हे घरी येईपर्यंत भात तयार असायचा. त्या हॉर्नबद्दल आम्ही कधी बोललो नाही. बोलायचं काय त्यात?

पण आता हॉर्न कोण देतंय? दुसऱ्या दिवशी मी डेपोत गेले. कालपासूनच त्या गाडीवर आलेला नवा ड्रायव्हर, कोळंबकर, मला बघून उठून उभा राहिला. मी हॉर्नचं विचारलं.

“काकू, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. ते सांगायचे, तुमच्या इमारतीजवळच्या वळणावर समोरचं दिसत नाही. दोन हॉर्न दिल्याशिवाय गाडी काढायची नाही.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

संध्याकाळी पुन्हा दोन हॉर्न वाजले. मी गॅलरीत जाऊन हात हलवला. खाली बसचं छप्पर नेहमीसारखंच वळून गेलं.