मुकी खुर्ची

सुनेचं गाणं मला कधीच सोसलं नाही. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. मागे तिचं गाणं रंगात आलं असताना मी मुद्दाम उठले, तेव्हा सभागृहातली लाकडी खुर्ची अशी धाडकन मिटली की बाईसाहेबांचा सूरच घसरला. आता सभागृह नवं केलंय, म्हणून मुलानं पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. "आई, आज तरी शेवटपर्यंत बस," म्हणाला. "बघू, तुझी बायको काय दिवे लावते ते," मी म्हटलं. तिनं सूर उंच चढवला आणि मी ताडकन उठले. मेली गादीची खुर्ची हूं की चूं न करता मिटली. तेवढ्यात गाणंच संपलं. खुद्द सासू उठली म्हटल्यावर सगळे टाळ्या पिटत उभे राहिले. सुनेनं माझ्याकडे बघून मान लववली. मी हात शालीतून काढले नाहीत. ते मात्र तिला एकटीलाच दिसलं.